मधली

वितळलेल्या मेणाचा थेंब अंगठ्याच्या नखाशेजारी पडला आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला. ओरडले वगैरे नाही; जवळच्या माणसाला म्हणावा तसा हळूच निघाला, ओठ मिटून सुरू झाला आणि घशाच्या तळाशी जाऊन संपला. शेजारच्या टेबलावर पॉलिशचं चाक चालवणारे लॅबचे मालक म्हणाले, "काय म्हणालात, बाई?" मी म्हटलं, "कुठं काय." पण दचकले मीच होते. तो शब्द मी कधी शिकले नव्हते, कुणाला म्हटला नव्हता, आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. शिवी असेल, देवाचं नाव असेल, किंवा नुसतं 'भाजलं' असेल. पन्नाशी उलटलेली बाई मी, धंदा काय तर लोकांची तोंडं नीट करण्याचा, आणि स्वतःच्या तोंडात काय काय पडलंय याचा मला पत्ता नाही. मी अंगठा गार पाण्याखाली धरला आणि तोच शब्द पुन्हा म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा तो आला नाही. म्हणजे आवाज आला, पण तो बनावट होता, कवळीतल्या दातासारखा पांढराफेक.

आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरची तोंडं ओळीनं मांडलेली आहेत. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, वर मेण चढवतो, मेणात दात बसवतो, मग कवळी होते. आयुष्य गेलं यात. माणूस समोर न येताही मला सांगता येतं की हा रात्री दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते, याची जीभ सारखी पुढच्या दातांवर आपटते. त्या दिवशी माझ्यासमोर आईचं तोंड होतं. तिची कवळी मीच केली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, आणि तिच्या टाळूचा एकेक उंचवटा मला पाठ होता. आता मेंदूला झटका बसून तिची उजवी बाजू पडली होती, ओठ ओघळला होता आणि कवळी घसरत होती. वॉर्डातल्या सिस्टरनं ती काढून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवून दिली होती. बिनदातांची आई बोलत होती ते नुसती हवा जावी तसं वाटायचं. मी कवळी घेऊन आले होते, उजव्या कडेला भर देऊन ती पुन्हा बसवायची म्हणून. मालकांनी विचारलं, "आता त्या नळीनं जेवतात ना? मग दात कशाला?" मी म्हटलं, "बोलायला." ते चाक थांबवून माझ्याकडे बघत राहिले. "पण बाई, तुम्हाला तर त्यांचं काही कळत नाही म्हणालात." खरंच होतं. काही माणसं वाईट नसतात, नुसती खरं बोलतात, आणि त्यांचं काय करावं ते आपल्याला कळत नाही.

आईची शहरातली भाषा गेली होती. जी भाषा ती माझ्याशी जन्मभर बोलली, जिच्यात तिनं मला रागावलं, शाळेत घातलं, भाजीवाल्याशी हुज्जत घातली, ती सगळी एका सकाळी फळ्यावरून पुसावी तशी पुसली गेली. राहिली ती तिच्या लहानपणची. डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. म्हणाले, "असं होतं कधी कधी. नंतर शिकलेली भाषा जाते, पहिली टिकते. तुम्ही घरचे लोक तिच्या भाषेत बोलत राहा, बरं वाटेल त्यांना." मी म्हटलं, "घरात कुणी नाही." "तुम्ही आहात की." "मला ती भाषा येत नाही." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं की जणू मी आईला उपाशी ठेवत होते. मग ते म्हणाले, "आईची भाषा येत नाही?" आणि मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, आणि हेही कळलं की वॉर्डाच्या दारात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही. मी नुसती मान हलवली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथे आड तुडुंब भरलेला होता. मी रोज त्याच्या काठावर बसत होते.

खरं म्हणजे ती भाषा माझ्या तोंडून जितकी गेली असेल तितकी जगात आता फार थोड्या तोंडांतून गेली असेल. आईच्या लोकांत एक रीत होती. बाईनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी थेट बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी नाही. बोलायचं तर मध्ये कुणीतरी बसवायचं. मधल्याच्या मनगटावर बोटानं टिचकी मारायची, म्हणजे 'हे पुढे ने'. मग आपलं वाक्य म्हणायचं. मधल्यानं दुसऱ्याकडे तोंड करून ते वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, त्याच सुरात, रागाचं असेल तर रागानं. बाईला दिराचं म्हणणं पोचलं की ती डोक्यावरच्या कपड्याची कड कपाळावर ओढून घ्यायची. तीच पोच. आणि मधल्याला त्यातलं काही कळता कामा नये, कारण कळलं की तो मधला राहत नाही, तिसरा होतो. म्हणून मूल बसवायचे. बोलता येणारं, पण मोठ्यांची भाषा न कळणारं. त्यांच्या मुलखात घरं पोरांनी भरलेली असायची. एकाला कळायला लागलं की दुसरं बसवायचं. इथे शहरात आई, थोरले काका आणि मी. बाबा मी रांगत होते तेव्हाच गेले. दोन खोल्यांत दोन मोठी माणसं आणि त्यांच्यामध्ये बसायला एकच पोर. मग त्या पोराला भाषा शिकवून कसं चालेल? आई माझ्याशी शहरातलं बोलायची, काकाही शहरातलंच बोलायचे, आणि एकमेकांशी बोलायचं झालं की मला हाक मारायचे. मीठ संपलंय, घरमालक येऊन गेला, तुमच्या सदऱ्याची बाही उसवली आहे, असलंच काही असणार. मला काय माहीत. मी दोघांच्या मधल्या पाटावर बसून भिंतीवरच्या पालीकडे बघत इकडचं तिकडे करायची. टपाल्यानं पत्रं वाचायची नसतात.

माझी परीक्षाही व्हायची. हे मला फार नंतर कळलं. अधूनमधून काका बोलता बोलता एखादं भलतंच वाक्य म्हणायचे, हसू फुटेल असं किंवा लाज वाटेल असं, आणि दोघंही माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. चेहरा हलला नाही की मी पास. शाळेत मी बेताचीच होते, पण या परीक्षेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि एक दिवस मी हसले. काका दाढी करून आले होते, कापलं होतं तिथे वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला होता, आणि बोलताना तो कपटा जबड्याबरोबर वर-खाली होत होता. बस्स, एवढंच होतं. पण त्यांनी त्याच वेळी काहीतरी म्हटलं होतं. आईचा हात माझ्या मनगटावरून निघाला. दोघं गप्प झाली. मी म्हटलं, "अगं, तो कागद..." आई शहरातल्या भाषेत म्हणाली, "जा, हात धू. जेवायला बस." त्यानंतर मला मध्ये बसवलं नाही. मध्ये कुणी नसलेल्या घरात विधवा भावजय आणि थोरला दीर, हे काही त्यांच्या रीतीत बसेना, म्हणून काका लाकडाच्या एका वखारीत राखणदार म्हणून गेले आणि तिथेच मागच्या खोलीत राहिले. सुट्टीला यायचे, दाराशी बसायचे, माझ्याशी शहरातलं दोन शब्द बोलायचे. आई आतून पाणी पाठवायची. एका कागदाच्या कपट्यावरून दोन माणसांचं बोलणं जन्मभरासाठी थांबलं. मी किती वेळा शपथेवर सांगितलं की मला काही कळलं नव्हतं. आई म्हणायची, "सगळी पोरं असंच म्हणतात."

त्यांच्या मुलखातली बाकीची माणसं एकेक करून संपत गेली. आधी निरोप यायचे, मग निरोप पाठवणारेही गेले. विद्यापीठातली एक बाई शोध काढत आमच्याकडे आली तेव्हा तिनं सांगितलं, "ही दोघंच उरली असावीत." असं सांगताना तिचा आवाज इतका मऊ झाला की आईनं तिला पाणी दिलं. बाईनं दोघांना समोरासमोर बसवलं. ती दोघं लगेच पाठीला पाठ करून बसली. बाईनं मध्ये रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाली, "आता बोला ना काहीतरी, एकमेकांशी." काकांनी विचारलं, "मध्ये कोण बसलंय?" ती म्हणाली, "हे यंत्र आहे ना." काका म्हणाले, "त्याला कळतं की नाही हे तुम्हाला तरी कुठं माहीत?" मी म्हटलं, मी बसते. दोघांनीही मानेनंच नाही म्हटलं. शेवटी ती बाई आईकडून नाक, पाणी, दगड असले शब्द घेऊन गेली. काकांनी तिला पाखरांची नावं दिली. मागाहून आई एकटीच हसत बसली होती, डोळ्यांना पदर लावून. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तुझ्या काकांना विचार, असली पाखरं कुठं उडतात ते."

तर वॉर्डात आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. सकाळी सिस्टर तिला पुसून घ्यायची तेव्हा, दुपारी शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक डबे उघडायचे तेव्हा, संध्याकाळी मी निघताना. सुधारलेली कवळी मी तिला बसवली, ओघळलेल्या गालाखाली बोट घालून कड दाबून पाहिली, आणि ते वाक्य एकदम स्वच्छ ऐकू आलं. इतकं स्वच्छ की मला रडू आलं. एकेक अक्षर वेगळं, जीभ दातांवर जिथे आपटायला हवी तिथेच आपटत होती. काम चोख झालं होतं. आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तिला शहरातल्या भाषेत विचारलं, पाणी हवंय का, दुखतंय का, कूस बदलू का. ती माझ्याकडे सभ्यपणे बघत होती, परगावच्या माणसाकडे बघावं तशी. मग पुन्हा तेच वाक्य. चालत्या हातानं ती माझं मनगट शोधायची आणि त्यावर बोट आपटायची. टिचकी. पण पुढे न्यायला समोर कुणी नव्हतं. मी तिचं वाक्य घेऊन तशीच बसून राहायची. मला एवढंच हवं होतं, आणि ते मी देवाला नाही, कुणालाच नाही, पण सारखं मागत होते: ही जाण्याआधी तिच्या भाषेतलं तिचं एक म्हणणं मला कळू दे. जास्त नको, एकच.

मी काकांना आणायला गेले. वखार आता बंद झाली होती, पण मालकाच्या मुलानं म्हाताऱ्याला मागच्या खोलीतून काढलं नव्हतं. खोलीत खाट, स्टोव्ह आणि लाकडाच्या भुशाचा जुना वास. काका गुडघ्याला पट्टा बांधत होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पट्ट्याची पिन लावत राहिले. मी विचारलं, "काका, तुम्ही बोलता का कधी, तुमच्या भाषेत? एकटे असताना?" म्हणाले, "बोलून बघितलं. पण मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं. माझी उत्तरं मला आधीच ठाऊक असतात. कंटाळा येतो." मग मला मेणाच्या थेंबाची आठवण झाली. मी म्हटलं, "एक शब्द आला माझ्या तोंडून," आणि तो म्हणायला गेले, आणि या खोलीत तो आला, खरा आला, घशाच्या तळाशी जाऊन संपला. काकांची मान झटक्यात वर झाली. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हा तुझ्या आईचा. मला म्हणाली होती एकदा, तुझ्या तोंडून. एवढीशी होतीस तू, आणि काय जोरात म्हणालीस!" "म्हणजे काय पण?" "मधलीला सांगत नसतात." "काका, मी आता मधली आहे का? केस पिकले माझे." "वाईट नाहीये तसा," ते डोळे पुसत म्हणाले, "पण चार माणसांत म्हणू नकोस."

रिक्षातून येताना ते काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले होते आणि बाहेर बघत नव्हते. वॉर्डाच्या दारात आईचं ते वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि ते तिथेच थांबले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी म्हटलं, "हेच. हेच म्हणते सारखं. काय आहे हे?" त्यांनी आत पाहिलं नाही. म्हणाले, "हे सांगायला हरकत नाही, हे अजून कुणाला पाठवलेलं नाहीये. ती विचारतेय, मध्ये कोण बसलंय?" इतके दिवस मी तिला पाणी हवं का विचारत होते. मी म्हटलं, "मी बसते की." काका म्हणाले, "तू हसली होतीस." "मी कागदाला हसले होते, काका. तुमच्या गालावर कागद होता. मला तेव्हा कळत नव्हतं आणि आत्ताही कळत नाही." मग त्यांनी हळूच, तोंड माझ्या कानाशी आणून, त्या भाषेत काहीतरी म्हटलं. लांबलचक होतं, आणि शेवटी त्यांचा आवाज जरा कापला. आणि मागे होऊन ते माझा चेहरा तपासायला लागले. मला कळलं, ही परीक्षा आहे. या वयात, फिनेलचा वास येणाऱ्या त्या दारात, स्ट्रेचरवाले 'बाजूला व्हा' म्हणत असताना, माझी परीक्षा चालली होती, आणि त्यात पास व्हायचं म्हणजे काही न कळणं. आयुष्यात पहिल्यांदा मला नापास व्हावंसं वाटलं. मी जीव तोडून ऐकलं होतं. काहीच लागलं नव्हतं हाताला. काकांनी मान हलवली. "खरंच की गं," ते म्हणाले, "तुला काहीच कळत नाही." असं म्हणताना त्यांना बरं वाटलं की वाईट, तेही मला कळलं नाही.

खाटेच्या पायथ्याशी स्टूल ठेवलं, काका आईकडे पाठ करून त्यावर बसले. मी मध्ये, खाटेच्या कडेवर. आईचं बोट माझ्या मनगटावर आलं. टिचकी. तिनं काहीतरी म्हटलं, मी काकांच्या पाठीकडे तोंड केलं, आणि मला वाटलं होतं की अडखळेन, पण नाही. जीभ आपली आपण चालायला लागली, उतारावर सायकल सोडावी तशी. काकांनी उत्तर दिलं. मी ते आईकडे नेलं. आईच्या डोक्यावर तिथे कपडा नव्हता, तिनं चादरीची कड चालत्या हातानं वर ओढून कपाळाला लावली. पोचलं. आणि मग ती दोघं जी बोलायला लागली म्हणता! एवढ्या वर्षांचं तुंबलेलं होतं, मला श्वास घ्यायला फुरसत देईनात. आई भांडली, हे मला सुरावरून कळलं, कारण मीच भांडत होते. काकांनी माघार घेतली, तीही मीच घेतली. एकदा काकांनी काहीतरी म्हटलं, ते आईकडे नेताना माझ्याच आवाजात मला लाघव ऐकू आलं, मी उभ्या जन्मात कुणाशी तसं बोललेले नाही. आई हसली. अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच राहिला, पण कवळी जागची हलली नाही. सिस्टर येऊन म्हणाली, "आज आजी खूश आहेत. काय गप्पा चालल्यात?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

तसे काही दिवस गेले. मी लॅबमधून निघून काकांना घेऊन यायची, भेटीची वेळ संपेपर्यंत दोघांच्या मध्ये बसायची आणि परतताना रिक्षात काकांना विचारायची. "काय म्हणाली आज?" "बोलली." "कशाबद्दल?" "बऱ्याच गोष्टींबद्दल." ताकास तूर लागू देतील तर शपथ. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, ती माझी आई आहे. माझ्या तोंडून बोलते आणि मलाच कळत नाही, हा कुठला न्याय? रीत पाळायला आता उरलंय कोण? तुम्ही दोघंच ना?" ते म्हणाले, "म्हणूनच." मग थोड्या वेळानं, जरा विरघळून, "तिला मधली लागते तोवर नाही सांगता येत गं. उद्या मी तुला सांगायला लागलो, की तू ऐकायला लागशील. तू ऐकायला लागलीस की तिला ते कळेल. मग ती गप्प होईल. एकदा झालंय ते." तिला बोलतं ठेवायचं तर मी ठार बहिरी राहायला हवं होतं, आणि मला कळायला हवं असेल तर तिनं गप्प व्हायला हवं होतं. लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी मी एका अनोळखी माणसाच्या तोंडात प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत नुसती बघत बसले. ठशाला तोंडाचा आकार येतो, दात येतात, टाळू येतो, सगळं येतं. बोलणं काही येत नाही. मालकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "घसा बसलाय." तो खरंच बसला होता, दोन माणसांचं बोलून बोलून.

मग आई ओसरायला लागली. वाक्यं आखूड झाली. टिचकी इतकी हलकी झाली की कधी कधी ती मारली की नुसतं बोट थरथरलं हे सांगता येईना, आणि मी आपलं अंदाजानं पुढे नेत राहिले. डॉक्टर आता समजावून सांगत नव्हते, जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. त्या दुपारी पडद्यातून ऊन आडवं आलं होतं. काका पाठ करून बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. त्यांचं काहीतरी लांबलेलं बोलणं मी तुकड्या-तुकड्यानं आईपर्यंत नेलं होतं, तिनं कड कपाळाला लावली होती, मग हात खाली येऊन माझ्या मनगटावर विसावला होता. बराच वेळ ती डोळे मिटून होती. मग डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. बोलताना मधल्याकडेच बघायचं असतं. तिनं एक अगदी छोटं वाक्य म्हटलं, शेवटाला सूर वर गेलेलं. मी सवयीनं, सवयीच्या बैलासारखी, मान काकांकडे वळवली आणि ते वाक्य म्हटलं. शेवटाला सूर वर नेला. अगदी तिच्यासारखा. मला आठवतं, मला त्याचं थोडं कौतुकही वाटलं.

मी काकांच्या उत्तराची वाट पाहिली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं. मग काका वळले. इतक्या दिवसांत ते एकदाही वळले नव्हते. आता स्टुलावर बसल्या बसल्या, काठीचा आधार घेत, आईकडे नाही, माझ्याकडे वळले. शहरातल्या भाषेत म्हणाले, "टिचकी मारली होती तिनं?"

"बोटात जीव नाही हो तिच्या."

"मारली होती का?"

मी मनगटाकडे पाहिलं. तिचं बोट तिथे होतं, आधी होतं तसंच, आडवं, शांत. मी आठवून पाहिलं. "नाही," मी म्हटलं.

"मग ते माझं नव्हतं." त्यांच्या हनुवटीला काठीचा वळ उमटला होता. "तुझं होतं, पोरी. तुला विचारलं तिनं. तुझं आहे म्हणून सांगतो. म्हणाली, तुला कळतं का गं?"

जन्मात पहिल्यांदा आई तिच्या भाषेत माझ्याशी बोलली होती. माझ्याशी, माझ्यातून नाही. आणि मी ते उचलून शेजारच्याला देऊन टाकलं होतं, तिच्याच सुरात, तिच्या डोळ्यांदेखत. याहून ठसठशीत उत्तर काय असतं? मला हुंदका आला नाही, संताप आला; कुणाचा ते ठरवता येईना. रीतीचा, माझ्या जिभेचा, त्या कागदाच्या कपट्याचा. आई माझ्याकडे अजून बघत होती. डोळ्यांत प्रश्न होता की प्रश्न संपलेला होता, कोण जाणे. मी काकांचा हात धरला. "हो कसं म्हणायचं? पटकन सांगा. 'हो' ला काय म्हणतात?" खोटं तर खोटं. तिला 'हो' ऐकवायचं होतं मला. काकांनी सांगितलं. अगदी साधा शब्द होता. तोंड उघडायचं, जीभ तळाशी निवांत ठेवायची आणि श्वास सोडायचा. त्याला दातसुद्धा लागत नाहीत. मी तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटला, मग आईवर वाकले आणि म्हणाले, माझ्या स्वतःच्या आवाजात, "हो." तिच्या भाषेतलं हो.

आईनं ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी आवरल्यासारखं झालं, पाहुणे आले की माणूस सावरून बसतो तसं. चालता हात माझ्या मनगटावरून उठला, हळूहळू वर गेला, चादरीची कड त्यानं चाचपडत शोधली, आणि आईनं ती कपाळाला लावली.

"अगं नाही, मी," मी शहरातल्या भाषेत म्हटलं, "काका नाही, आई, मी म्हणतेय," आणि छातीवर हात आपटून तो शब्द पुन्हा म्हणाले, आणखी एकदा म्हणाले. माझ्या मागे काका स्टूल वळवून पुन्हा पाठ करून बसल्याचा आवाज आला. आईनं चादर थोडी आणखी खाली ओढली, डोळ्यांवरून.